नावे ठेवणे : लहान मुलांच्या शरीराची चेष्टा आणि आपली जबाबदारी

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' असे दोन वाक्प्रचार आहेत. मूल जन्माला आले की बारशाला आपण त्याचे नाव ठेवतो. तेच मूल चालू-बोलू लागले की घरचे, शेजारचे आणि शाळेतले सगळे मिळून त्याला नावे ठेवू लागतात. जाड्या, ढोल्या, काडी पैलवान, काळू, बुटका, लंबू, ढापण्या, तोतऱ्या, लंगड्या. ही यादी वाचकांनी स्वतःच्या आठवणीतून पुरी करावी. आपल्यापैकी बहुतेकांनी यातले एखादे नाव ऐकून घेतलेले असते आणि एखादे दुसऱ्याला ठेवलेलेही असते.

'मुलेच ती, चिडवणारच' असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. परंतु या चेष्टेने काही मुलांचे खाणे, झोपणे, शिकणे आणि चारचौघांत मिसळणे बिघडते. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, अशातला हा प्रकार आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेचे सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे हा विषय अभ्यासासाठी मांडत आहोत. आम्ही मानसशास्त्राचे तज्ज्ञ नाही, बँकेत कारकुनी करणारे पालक आहोत. जे वाचले आणि जे आमच्या घरात घडले, तेवढेच सांगणार आहोत.

चिडवणे कोठे संपते व छळ कोठे सुरू होतो?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियन देशांत झाला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील १० ते १४ वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी चालवलेला छळ हे त्यामागचे कारण असावे, अशी बातमी आली आणि देश हादरला. १९८३ मध्ये तेथील शिक्षण खात्याने देशभर मोहीम हाती घेतली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १ लाख ३० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा साधारण १५ टक्के मुले, म्हणजे दर सात मुलांमागे एक, या प्रकारात छळणारा किंवा छळला जाणारा म्हणून गुंतलेले आढळले.

ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, दुसऱ्याला दुखावण्याच्या हेतूने केलेली कृती किंवा उच्चारलेला शब्द. दुसरे, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणे. तिसरे, दोन्ही बाजूंच्या बळात फरक असणे, त्यामुळे सोसणाऱ्याला उलटून उत्तर देता न येणे. दोन मित्र एकमेकांना बरोबरीने चिडवतात, तेव्हा ती थट्टा असते. दहाजण मिळून एकालाच रोज तेच नाव घेऊन हाक मारतात, तेव्हा तो छळ असतो, मग त्यात कोणी हात उगारलेला नसला तरीही.

शरीराची लाज उपजत नसते

कोणतेही मूल आपल्या रंगाची अथवा अंगाची लाज घेऊन जन्माला येत नाही. ही लाज त्याला शिकवली जाते, आणि ती फार लवकर शिकवली जाते. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने अमेरिकेत याविषयी एक प्रयोग केला. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट या दोघांनी पुढे मिळवली. त्यांनी ३ ते ७ वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच होत्या, फरक फक्त कातडीच्या आणि केसांच्या रंगाचा होता. खेळायला कोणती हवी, असे विचारताच ६७ टक्के मुलांनी गोरी बाहुली मागितली. वाईट कोणती दिसते, यावर ५९ टक्के मुलांनी सावळीकडे बोट दाखवले. शेवटी 'तुझ्यासारखी कोणती?' असे विचारल्यावर काही मुले रडवेली झाली. या प्रयोगाचा अहवाल १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचाही आधार घेतला गेला.

अंगकाठीच्या बाबतीतही असेच आढळले आहे. इंग्लंडमध्ये ५ ते ८ वर्षे वयाच्या १६२ मुलींना चित्रांची गोष्ट दाखवण्यात आली. काहींच्या पुस्तकात अतिशय सडपातळ बार्बी बाहुली होती, काहींच्या पुस्तकात भरल्या अंगाची बाहुली होती, तर काहींच्या पुस्तकात बाहुलीच नव्हती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीरावर अधिक नाराज होत्या आणि त्यांना बारीक व्हावेसे वाटत होते. ही पहिली-दुसरीच्या वयाची मुले होती, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे वेगळ्या बाहुलीची गरजच नाही. लग्नाच्या जाहिरातीतील 'गोरी, सडपातळ' हे शब्द घरातली लहान मुलगी ऐकतच असते. 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतात १९७५ मध्ये आले, त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द गळायला २०२० साल उजाडावे लागले. मुलाच्या मनात स्वतःच्या शरीराचे जे चित्र तयार होते, त्याला देहप्रतिमा म्हणतात. हे चित्र ते आरशात पाहून काढत नाही, आपल्या तोंडाकडे पाहून काढते.

आमच्या घरची गोष्ट

हे सारे आम्ही नंतर वाचले. शिकलो मात्र आधी, आणि तेही स्वतःच्या चुकीतून. आमची धाकटी मुलगी तेव्हा तिसरीत होती. लहानपणापासून अंगाने बाळसेदार, म्हणून घरात सगळे तिला लाडाने 'ढब्बू' म्हणत. एके दिवशी तिला आणायला शाळेत गेलो असता फाटकाबाहेरूनच आम्ही मोठ्याने हाक मारली, "ए ढब्बू, चल लवकर!" वर्गातल्या मुली हसल्या. आम्हीही हसलो.

पुढे काही आठवड्यांनी ती सकाळी पोट दुखते म्हणू लागली. डबा रोज रिकामा परत येई. संध्याकाळी मात्र ती एकामागून एक पोळ्या खाई आणि आम्हीच तिला म्हणत असू, "अगं, किती खातेस!" शेवटी एका रात्री ती आजीच्या कुशीत बोलली, "आजी, मी डबा उघडला की सगळ्या म्हणतात, बघा, ढब्बू जेवतेय. म्हणून मी तो कुत्र्याला घालते."

आठ वर्षांचे मूल रोज उपाशी राहत होते, आणि ज्या नावामुळे राहत होते ते नाव आम्ही स्वतः नेऊन वर्गाच्या दारात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून आम्ही उभयतांनी "आमचं चुकलं" असे सांगितले. घरातून ते नाव बंद केले. नंतर वर्गाच्या बाईंना भेटलो. बाईंनी कोणालाही शिक्षा केली नाही. मधल्या सुट्टीत त्या स्वतः आपला डबा घेऊन मुलींच्या पंगतीत बसू लागल्या. एके दिवशी कोणीतरी पुन्हा 'ढब्बू' म्हणताच शेजारची मुलगी म्हणाली, "तिला नाव आहे, नावाने हाक मार." मुलीने घरी येऊन हे वाक्य आम्हाला तीनदा सांगितले. आता ती डबा संपवते. फोटो काढताना मात्र अजून सर्वांच्या मागे जाऊन उभी राहते. शब्द बोलायला क्षण लागतो, पुसायला किती लागतो हे आम्ही अजून मोजत आहोत.

बघ्यांचे महत्त्व

त्या शेजारच्या मुलीने जे केले, त्याचे मोल अभ्यासकांनीही जोखले आहे. कॅनडातील टोरांटो येथे शाळांच्या मैदानावर मुलांच्या छळाच्या ३०६ घटनांचे चित्रण तपासण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८८ टक्के घटनांत इतर मुले जवळ हजर होती, परंतु त्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग केवळ १९ टक्के होते. मात्र ज्या वेळी कोणी मध्ये पडले, त्यांपैकी ५७ टक्के वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला. चिडवणाऱ्याला हसणारे लोक लागतात. हसू बंद झाले की त्याची मजाही संपते. विद्यार्थी मित्रांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

धोक्याची लक्षणे

सतत नावे ठेवली गेलेली सगळीच मुले आजारी पडतात असे नाही. तथापि काहींच्या मनात शरीराविषयीचा तिरस्कार मूळ धरतो. जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडणे (ॲनोरेक्झिया), खूप खाऊन मग मुद्दाम उलटी करणे (बुलिमिया), किंवा शरीरातील नसलेला वा अगदी किरकोळ दोष मोठा वाटून त्यातच मन अडकणे, असे विकार बहुधा किशोरवयात उघड होतात. त्यांचे बी मात्र अनेकदा लहानपणीच पडलेले असते. पुढील गोष्टी दिसल्यास पालकांनी सावध व्हावे.

१. इतरांसमोर खाणे टाळणे, डबा तसाच परत आणणे किंवा टाकून देणे.
२. शाळेच्या दिवशी वारंवार पोट किंवा डोके दुखणे आणि सुट्टीच्या दिवशी ते न दुखणे.
३. उन्हाळ्यातही अंग झाकणारे सैल कपडे घालण्याचा हट्ट, फोटो व स्नेहसंमेलन टाळणे.
४. 'मी घाणेरडी दिसते', 'मी काळा आहे म्हणून' अशी वाक्ये पुन्हा पुन्हा बोलणे.

काय करावे?

घरातील शरीरावरून पडलेली लाडाची नावे आजच बंद करावीत. दोन भावंडांच्या रंगाची, उंचीची तुलना करू नये. आईने वा वडिलांनी मुलांदेखत स्वतःच्या शरीरालाही नावे ठेवू नयेत. वजनाची खरोखर काळजी वाटत असेल तर वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी न ठेवता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि आहारात जो बदल करायचा तो सर्व घराने करावा. मूल तक्रार सांगते तेव्हा 'तू लक्ष देऊ नकोस' असे म्हणून त्याला परतवू नये, आधी पूर्ण ऐकून घ्यावे.

शिक्षकांवर कायद्याचीही जबाबदारी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. 'ए जाड्या, उभा राहा' हे गुरुजींचे वाक्य वर्गाला परवाना देते. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा पुढे देशभर पोहोचली. हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

बारशाला मोठ्या हौसेने ठेवलेल्या नावाने मुलाला हाक मारणे, एवढ्यापासून आपण सुरुवात करू शकतो. त्याला पैसा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरात शरीरावरून पडलेली किती नावे आहेत? ती कोणी ठेवली?
२. थट्टा आणि छळ यांतील तीन फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन सांगा.
३. वर्गात एखाद्याला चिडवले जात असताना आपण हसलो होतो का? पुढच्या वेळी कोणते एक वाक्य बोलाल?