रोग्याची कूस बदलणें : शुश्रूषेच्या शास्त्रांतील एक धडा

घरांतील एखादें वडील माणूस अर्धांगवायूनें किंवा खुब्याचें हाड मोडून अंथरुणाला खिळलें म्हणजे काय होतें, हें खेड्यांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पहिले आठ दिवस सगेसोयरे भेटावयास येतात व घरचीं माणसें रात्रंदिवस झटतात. पुढें शेताचीं कामें निघतात, मुलगा बाजारास जातो, सून पाण्यास जाते, आणि रोगी सकाळपासून दुपारपर्यंत एकाच कुशीवर पडून राहतो. मग एके दिवशीं अंग पुसतांना माकडहाडावर तांबडा डाग दिसतो. थोड्याच दिवसांत तेथील कातडी सोलते, आणि हयगय झाली तर जखम हाडापर्यंत खोल जाते. मूळ दुखण्यांतून कदाचित् वांचला असता असा रोगी पुष्कळदां ह्या जखमेच्या विषानें दगावतो. लोक म्हणतात, "दुखणेंच तसें होतें, इलाज नव्हता." परंतु बहुतेक वेळां इलाज असतो. तो औषधाच्या बाटलींत नसून शुश्रूषा करणाराच्या हातांत असतो. हें ज्ञान कसें मिळालें व त्यापासून आपण काय शिकावें, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. केवळ दया पुरत नाहीं

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव बहुतेकांस ठाऊक आहे. १८५४ सालच्या नोव्हेंबरांत ती ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत पोंचली. तिच्या हातांतील दिव्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण त्या हिवाळ्यांत तेथील मृत्यु कमी न होतां वाढत गेले, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १८५५ च्या फेब्रुवारींत दर शंभर रोग्यांमागें ४२ हून अधिक मृत्यु झाले. प्रेम होतें, श्रम होते. परंतु इमारतीखालील गटारें तुंबलीं होतीं आणि खोल्यांतून शुद्ध हवा नव्हती. मार्च महिन्यांत सरकारनें धाडलेल्या आरोग्य मंडळानें गटारें साफ करविलीं व हवेस वाट करून दिली. जूनपर्यंत तेंच प्रमाण शंभरांत सुमारें दोनावर आलें.

नाइटिंगेलबाईंनीं मायदेशीं परत आल्यावर मृतांचे आंकडे गोळा केले व १८५८ सालीं त्यांची चित्ररूप मांडणी करून दाखविलें कीं, बहुतेक शिपाई शत्रूच्या गोळीनें नव्हे, तर टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेले. पुढें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं स्पष्ट मत दिलें कीं, रोग्याच्या अंगाला अंथरुणाची जखम झाली तर तो दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. हें बोलणें कठोर वाटतें, पण त्यांत आशाही आहे. दोष रोगाचा असेल तर मनुष्य हात टेकतो. शुश्रूषेचा असेल तर तो सुधारतां येतो.

२. मलम कीं कूस?

दोष शुश्रूषेचा, हें कळलें. पण योग्य शुश्रूषा कोणती, हें ठरावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. इंग्लंडांतील इस्पितळांत रोग्याची पाठ साबणानें धुवावी, स्पिरिट चोळावें, वर पावडर लावावी, असा परिपाठ होता. प्रत्येकीचा आपापला आवडता उपाय असे, व आपल्या उपायानेंच गुण येतो अशी प्रत्येकीची खात्री असे. डोरीन नॉर्टन ह्या परिचारिकेनें दोन सहकाऱ्यांसह लंडन येथें वृद्ध रोग्यांची पद्धतशीर पाहणी केली व ती १८६२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर म्हणजे १९६२ सालीं प्रसिद्ध केली. निष्कर्ष साधा होता : वरून काय चोळलें ह्यास महत्त्व नाहीं, हाडावरील दाब ठराविक वेळानें काढला कीं नाहीं ह्यास आहे.

ह्याचें कारण समजण्यास सोपें आहे. आपल्या बोटाचें नख दाबून पाहा. तें पांढरें पडतें, कारण तेथील रक्त बाजूला सरतें. सोडलें कीं तें पुनः लाल होतें. निजलेल्या रोग्याच्या माकडहाडावर, खुब्यावर व टाचेवर त्याच्याच देहाचें ओझें पडतें व मधली कातडी दाबली जाते. निरोगी मनुष्य झोपेंतही कूस बदलतो. लुळ्या किंवा बेशुद्ध माणसास तें साधत नाहीं. तासांमागून तास रक्त न मिळाल्यानें तेथील मांस उपासमारीनें मरतें. मग वरून मलम लावून काय उपयोग?

नॉर्टनबाईंनीं धोका आधींच ओळखण्याची एक रीतही घालून दिली. तींत पांच गोष्टी पाहावयाच्या : शरीराची स्थिति, मनाची सावधता, चालण्याफिरण्याची शक्ति, अंथरुणांत हालचाल करण्याची शक्ति, आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीस ४ पासून १ पर्यंत गुण. एकूण २० पैकीं १४ किंवा कमी गुण मिळाले तर तो रोगी धोक्यांत आहे असें समजावें. पुढें ह्याहून अधिक बारकाईच्या पद्धती निघाल्या, तरी ह्या रीतीचा मान मोठा आहे. जखम झाल्यावर धांवण्यापेक्षां ती होण्यापूर्वीं पाहणें, हें तिनें शिकविलें.

३. एकीकडे किती रोगी?

कूस बदलावयाची हें ठाऊक असलें, तरी ती बदलण्यास कोणी मोकळें असलें पाहिजे. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत लिंडा एकन ह्या परिचारिका-प्राध्यापिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १६८ इस्पितळांतील २,३२,३४२ शस्त्रक्रियेच्या रोग्यांची व १०,१८४ परिचारिकांची माहिती तपासली. ती २००२ सालीं छापली गेली. एका परिचारिकेकडे सरासरीनें एकेक रोगी अधिक वाढला कीं, ३० दिवसांच्या आंत रोगी दगावण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढलेला दिसला. चार रोग्यांऐवजीं आठ सोंपविले तर ही वाढ सुमारें ३१ टक्के होते. तसेंच प्रत्येक अधिक रोग्यामागें परिचारिका कामानें पार थकून जाण्याचा संभव सुमारें २३ टक्क्यांनीं वाढला.

असें कां व्हावें? रोगी बिघडूं लागतो तेव्हां प्रथम लहान खुणा दिसतात. श्वास किंचित् जलद होतो, ओंठांचा रंग बदलतो, बोलणें अडखळतें. वैद्य दिवसांतून एकदोनदां येऊन जातो. ह्या खुणा जवळ असणारीलाच दिसतात. तिला आठ ठिकाणीं धांवावें लागलें तर त्या कोण पाहणार?

कोणी शंका घेईल कीं, जेथें परिचारिका थोड्या, तेथें इतर उणिवाही असतील. संशोधकांनीं रोग्यांच्या प्रकृतींतील व इस्पितळांतील भेद हिशेबांत धरले होते. तरी अशा पाहणीनें संबंध दिसतो, कारण पूर्णपणें सिद्ध होत नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. परंतु २०१४ सालीं युरोपांतील नऊ देशांतल्या ३०० इस्पितळांची व ४,२२,७३० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यांतही तोच ७ टक्क्यांचा आंकडा आला. शिवाय पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शंभरांत दहांनीं अधिक असलें कीं मृत्यूचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं कमी आढळला. सारांश, परिचारिकांची संख्या व त्यांचें शिक्षण ह्या दोन्ही गोष्टी रोग्याच्या जिवाशीं बांधलेल्या आहेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतानें तर एका परिचारिकेकडे जास्तींत जास्त किती रोगी द्यावे, ह्याचा कायदाच केला, व तो २००४ सालीं अमलांत आला.

४. मुंबईंतील साक्ष

हीं सर्व उदाहरणें परदेशचीं झालीं. कूस बदलण्याच्या ह्या साध्या कामाची सर्वांत मोठी साक्ष मात्र मुंबईंत परळ येथें मिळाली. तेथील के. ई. एम. इस्पितळांत अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका काम करीत असे. १९७३ सालच्या २७ नोव्हेंबर रोजीं तिच्यावर अमानुष हल्ला झाला व तिच्या मेंदूस कायमची इजा झाली. त्यानंतर ती तेथेंच पडून होती. १८ मे २०१५ रोजीं तिचें निधन झालें, म्हणजे हा काळ ४१ वर्षांहून अधिक होतो.

ह्या सर्व काळांत त्या इस्पितळाच्या परिचारिकांनीं तिला न्हाऊं घातलें, भरविलें व कुशीवर वळविलें. हल्ला झाला तेव्हां ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुली पुढें तिच्या शुश्रूषेस उभ्या राहिल्या. एका लेखिकेच्या अर्जावरून तिचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर अंथरुणाची जखम होऊं दिली नाहीं, ही गोष्ट तेथें सांगण्यांत आली. ७ मार्च २०११ रोजीं निकाल देतांना न्यायालयानें अर्ज नामंजूर केला व ह्या परिचारिकांची मुक्तकंठानें प्रशंसा केली.

दर दोन तासांनीं कूस बदलली असें धरलें, तर दिवसांत १२ वेळां, वर्षांत ४,३८० वेळां, आणि ४१ वर्षांत १,७९,५८० वेळां होतात. जिला ओळखही देतां येत नव्हती, अशा एका स्त्रीसाठीं हें झालें. जे लोक शुश्रूषेस मलमूत्र काढण्याचें हलकें काम म्हणतात, त्यांनीं हा हिशेब एकदां स्वतः मांडून पाहावा.

५. आपल्या घरीं काय करावें

खिळलेल्या रोग्याची कूस साधारणपणें दर दोन तासांनीं बदलावी. दाब विभागणारी विशेष गादी असल्यास हा काळ वाढवितां येतो, पण तें परिचारिकेनें किंवा वैद्यानें ठरवावें. कोणत्या वेळीं कोणती कूस, हें कागदावर लिहून भिंतीस लावावें. रोग्यास ओढूं नये, कातडी घासते. दोघांनीं चादरीसह उचलून सरकवावें. गुडघ्यांमध्यें उशी ठेवावी, आणि पोटऱ्यांखालीं उशी देऊन टांचा अधर राहतील असें करावें. अंथरूण कोरडें व सुरकुत्यांवांचून असावें. दूध, डाळ, अंडीं, जें झेपेल तें द्यावें.

दररोज अंग पाहावें. तांबडा डाग दिसल्यास बोटानें दाबावा; दाबूनही तो पांढरा पडला नाहीं तर इजा सुरू झाली असें समजावें. सांवळ्या अंगावर तांबडेपणा नीट दिसत नाहीं, म्हणून तो भाग अधिक काळसर, कढत किंवा कठीण लागतो काय तें पाहावें. अशा जागीं चोळूं नये, आणि कातडी फुटल्यास राख, हळद वगैरे न भरतां आरोग्य केंद्रांतील परिचारिकेस दाखवावें.

शेवटची गोष्ट विशेषेंकरून गांवांतील शिक्षकांनीं लक्षांत घ्यावी. पेन्सिल्व्हेनियाच्या आंकड्यांनीं जें दाखविलें, तें आपल्या घरासही लागू आहे. स्वयंपाक, पाणी, गुरें, लेंकरें आणि वर रोगी, हें सर्व एकट्या सुनेवर टाकलें, तर तिच्याकडेही आठ रोगी दिल्यासारखेंच झालें. मग जखम झाल्यावर तिलाच बोल लावणें हा अन्याय होय. घरांतील पुरुषांनीं व शेजाऱ्यांनीं वेळा वांटून घ्याव्या. आणि एखाद्या मुलीनें किंवा मुलानें परिचारिकेचें शिक्षण घेण्याची इच्छा दर्शविली, तर "हें काम आपलें नव्हे" असें म्हणून त्यांस परतवूं नये. तें विद्येचें काम आहे.

विचारासाठीं प्रश्न

१. स्कुटारी येथें परिचारिका आल्यावरही मृत्यु कां वाढले? ते कशानें कमी झाले?
२. नख दाबून काय दिसतें? त्यावरून अंथरुणाच्या जखमेचें कारण समजावून सांगा.
३. आपल्या गांवांत अंथरुणाला खिळलेलें कोण आहे? त्यांची कूस कोण बदलतें, आणि त्या माणसास विसांवा कोण देतें?