भाषा एक, हसणे वेगळे

प्रस्तावना

अलंकारांचा अभ्यास करताना अतिशयोक्ती तुमच्या परिचयाची झाली आहे. एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा फुगवून सांगितली की अतिशयोक्ती होते. याच्या नेमके उलटही करता येते. मुसळधार पावसात नखशिखान्त भिजलेला माणूस दारात उभा राहून 'आज हवेत जरा ओलावा दिसतो' एवढेच म्हणाला, तर ऐकणाऱ्याला हसू आल्यावाचून राहत नाही. मोठी गोष्ट मुद्दाम लहान करून सांगण्याच्या या रीतीला न्यूनोक्ती म्हणता येईल. पंचपक्वान्नांचे जेवण झाल्यावर 'बरे होते' एवढ्यावरच थांबणारे आजोबा महाराष्ट्रातही आढळतात. ब्रिटिश माणसाच्या बोलण्यात मात्र न्यूनोक्ती जेवणातल्या मिठासारखी असते. ती वेगळी दिसत नाही, पण नसली तर चव जाते.

ब्रिटिश आणि अमेरिकन या दोन्ही समाजांची प्रमुख भाषा इंग्रजी. तरीही कशावर हसावे, तक्रार कशी करावी, स्तुती किती करावी, या बाबतींत त्यांच्या रीती बऱ्याच भिन्न आहेत. ही भिन्नता कशी ओळखावी आणि ती लक्षात न आल्यास काय घडू शकते, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

मूळ पाठ

इमजिन नदीकाठचे उत्तर

१९५१ सालचा एप्रिल महिना. कोरियात युद्ध सुरू होते. २२ ते २५ एप्रिल या दिवसांत इमजिन नदीच्या परिसरात संख्येने कितीतरी मोठ्या चिनी सैन्याने संयुक्त राष्ट्रांच्या फौजांवर हल्ला चढविला. या आघाडीवर २९वी ब्रिटिश ब्रिगेड होती. तिच्यातील ग्लॉस्टरशर रेजिमेंटची पहिली पलटण एका टेकडीवर चहूबाजूंनी वेढली गेली. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी हे ब्रिटिश होते, तर त्यांचे वरिष्ठ मेजर जनरल रॉबर्ट सूल हे अमेरिकन होते. परिस्थिती कशी आहे, या वरिष्ठांच्या प्रश्नाला ब्रॉडी यांनी 'अ बिट स्टिकी', म्हणजे 'जरा चिकट झाली आहे', असे उत्तर दिल्याचे सांगितले जाते.

हे शब्द ऐकून दुसरा ब्रिटिश अधिकारी ताडकन उठून उभा राहिला असता. कारण त्या बोलण्यातील 'जरा' हा शब्द संकटाचे माप सांगत नाही. तो बोलणाऱ्याचा धीर सांगतो. प्राणावर बेतले असतानाही आवाज चढवायचा नाही, हा तेथील शिष्टाचार. अमेरिकन अधिकाऱ्याने मात्र 'जरा' हे मापच मानले. काम कठीण आहे, पण निभावते आहे, असा त्यांचा समज झाला, अशी ही हकीकत आहे. पलटणीला वेळेवर माघार घेता आली नाही. पाचशेहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले आणि वेढ्यातून निसटून आपल्या बाजूस पोहोचलेल्यांची संख्या चाळीसच्या आसपास राहिली.

केवळ दोन शब्दांमुळे पलटण गेली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शत्रूचे बळ फार मोठे होते, वाटा रोखल्या गेल्या होत्या, मदत पोहोचविण्याचे प्रयत्नही फसले होते. परंतु संकटाच्या घटकेला एकाने सांगितले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचले नाही, हे या हकीकतीचे मर्म उरतेच. दोघेही इंग्रजी बोलत होते, त्यामुळे दुभाष्याची गरज कोणालाच वाटली नसणार.

हाच स्वभाव एखाद्या वेळी आधारही देतो. २४ जून १९८२ रोजी लंडनहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक विमान मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑस्ट्रेलियाकडे चालले होते. रात्री जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात ते शिरले आणि त्याची चारही इंजिने एकामागून एक बंद पडली. कप्तान एरिक मूडी यांनी प्रवाशांना उद्देशून जी घोषणा केली, ती पुढे प्रसिद्ध झाली. एक लहानशी अडचण उद्भवली आहे, चारही इंजिने थांबली आहेत, ती सुरू करण्याची आम्ही शिकस्त करीत आहोत, आपणांस फार त्रास होत नसावा अशी आशा आहे, असा तिचा आशय होता. चारही इंजिने थांबणे ही 'लहानशी' अडचण! विमान काही मिनिटे तरंगत खाली आले, इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जाकार्ता येथे सुखरूप उतरले.

अमेरिकन माणसे अशा वेळी आरडाओरडा करतात, असा येथे निष्कर्ष काढू नये. १९७० च्या एप्रिलमध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ यानातील प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा अमेरिकन अंतराळवीरांनीही आपल्याकडे एक अडचण उद्भवल्याचे शांत स्वरातच कळविले होते. फरक असा की, त्यांचा संयम हा व्यवसायातील शिस्तीचा भाग होता. ब्रिटिश माणूस पावसाविषयी, दुखऱ्या दाताविषयी किंवा स्वतःच्या यशाविषयीही याच स्वरात बोलतो.

पाठगत प्रश्न

१. 'जरा' या शब्दाचा ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी लावलेला अर्थ कोणता?
२. कप्तान मूडी यांच्या घोषणेतील न्यूनोक्ती ओळखा.

गप्प बसलेले पाहुणे

न्यूनोक्तीचे सख्खे भावंड म्हणजे तक्रार न करणे. तिचे उत्तम चित्रण 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत आढळते. १९७५ आणि १९७९ या दोन वर्षांत मिळून या मालिकेचे अवघे बारा भाग झाले, तरी ती आजही आवडीने पाहिली जाते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावातील एक हॉटेल आणि त्याचा तुसडा मालक बॅसिल फॉल्टी यांची ही कथा. बॅसिलची भूमिका करणारे जॉन क्लीझ हे मालिकेच्या दोघा लेखकांपैकी एक.

१९७९ मधील एका भागात भर पावसात रात्री उशिरा एक अमेरिकन पाहुणा येतो. स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ झालेली असते. आचाऱ्याने थांबावे म्हणून तो रोख पैसे देतो. बॅसिल आचाऱ्याला घरी पाठवतो आणि ते पैसे स्वतःकडेच ठेवू पाहतो. पाहुणा वॉल्डॉर्फ सॅलड मागतो. सफरचंद, सेलरी नावाची भाजी आणि अक्रोड यांचे हे साधे मिश्रण न्यू यॉर्कमधील एका प्रख्यात हॉटेलाच्या नावाने ओळखले जाते. बॅसिलला ते ठाऊकच नसते, पण तसे कबूल करायचे कसे? मग थापांवर थापा सुरू होतात. अखेर पाहुण्याचा संयम सुटतो आणि तो सर्वांसमक्ष मालकाची खरडपट्टी काढतो.

येथवरचा विनोद कोणत्याही देशात हसवील. खास ब्रिटिश भाग पुढेच आहे. त्याच भोजनगृहात बसलेले इंग्रज पाहुणे तितकेच वाईट जेवण मुकाट्याने गिळत असतात. जेवण ठीक आहे ना, असे विचारले की 'छान आहे' म्हणत असतात. अमेरिकन पाहुणा तोंड उघडतो तेव्हा त्यांना अवघडल्यासारखे होते; आणि मग, एकाने वाट मोकळी केल्यावर, एकेक जण दबलेल्या आवाजात आपलेही गाऱ्हाणे मांडू लागतो. मालिका लिहिणाऱ्यांनी अमेरिकन माणसाच्या मोठ्या आवाजाला चिमटा काढला आहे खरा. पण अधिक जोराचा चिमटा बसला आहे तो आपल्याच माणसांच्या भिडस्तपणाला. स्वतःच्या समाजावर असे हसता येणे ही ब्रिटिश विनोदाची मोठीच ताकद मानावी लागेल.

अमेरिकन माणसाच्या दृष्टीने पैसे दिलेल्या वस्तूबद्दल स्पष्ट बोलणे हा उर्मटपणा नसून सरळपणा आहे. तेथील उपाहारगृहात वाढणारा हसतमुखाने स्वतःचे नाव सांगतो, मध्येच येऊन सर्व ठीक आहे ना विचारतो. ब्रिटिश पाहुण्याला ही सलगी कधीकधी खोटी वाटते. परंतु त्यामागे व्यवहारही आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा कामगाराचे पोट मुख्यतः ग्राहकाने ठेवलेल्या बक्षिशीवर चालते. तेव्हा ते हसू उथळ म्हणून नावे ठेवण्यापूर्वी त्या माणसाच्या मिळकतीचा विचार करावा.

मेजावर ठेवणे

दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये आले. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने १९४२ मध्ये एक छोटी पुस्तिका छापली होती. ब्रिटिश माणूस अबोल दिसला म्हणून तो तुसडा आहे असे समजू नका, दाटीवाटीने वसलेल्या लहान बेटावर माणसे एकमेकांचे खासगीपण जपायला शिकतात, बढाया मारू नका, असा तिचा सूर होता. मुंबईतल्या चाळीत किंवा लोकलच्या डब्यात वावरलेल्या वाचकाला मात्र यावर एक शंका येईल. दाटीतून अबोलपणाच येतो असे कुठे आहे? चाळीतील दाटीने माणसांना उलट बोलकेच केले. म्हणजे पुस्तिकेतील सल्ला उपयोगाचा, कारणमीमांसा मात्र अपुरी.

याच काळातील एक प्रसंग विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक ग्रंथात नोंदविला आहे. संयुक्त बैठकीत ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यावयाचे होते. ते 'टेबल' करू, असे ते म्हणाले. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या इंग्रजीत 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूला सारणे. ते म्हणू लागले की, विषय महत्त्वाचा आहे, 'टेबल' करू नका. दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती आणि तरी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. भारतीय संसदेने या बाबतीत ब्रिटिश वळण स्वीकारले आहे. म्हणूनच कागदपत्रे 'सभागृहाच्या पटलावर' ठेवली, असे मराठी वृत्तपत्रांत वाचावयास मिळते.

एकच कचेरी, दोन साहेब

अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण 'द ऑफिस' या मालिकेचे आहे. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ ब्रिटिश मालिका २००१ मध्ये सुरू झाली. स्लाउ या गावातील कागद विकणाऱ्या कंपनीच्या कचेरीचा साहेब डेव्हिड ब्रेंट स्वतःला अतिशय विनोदी समजतो. प्रत्यक्षात त्याच्या कोट्यांवर कोणी हसत नाही. तो बोलून थांबतो, समोरचे खाली पाहतात, आणि त्या शांततेत प्रेक्षकाला हसू येते; पाठोपाठ थोडी लाजही वाटते. ब्रेंट पडतो आणि बराच काळ पडलेलाच राहतो. त्याची नोकरीसुद्धा जाते.

२००५ मध्ये अमेरिकेत हीच मालिका नव्या नटसंचात सुरू झाली. कचेरी पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन या शहरात आली आणि साहेबाचे नाव मायकल स्कॉट झाले. पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेवरच बेतला होता. पहिल्या काही भागांना प्रतिसाद बेताचाच मिळाला. मग लेखकांनी साहेबाला थोडे बदलले. मूर्खपणा तोच ठेवला. पण तो मनाने चांगला आहे, माल विकण्यात तरबेज आहे, त्याला घर-संसाराची ओढ आहे, हे दाखविले. मालिका २०१३ पर्यंत चालली. मायकलला अखेर मनाजोगी जोडीदार मिळते आणि सहकारी त्याला जड अंतःकरणाने निरोप देतात.

जर्वेस यांनी २०११ मध्ये 'टाइम' नियतकालिकात या फरकाचे कारण सांगितले. अमेरिकन मुलाला तू राष्ट्राध्यक्षही होऊ शकतोस असे सांगून वाढविले जाते. ब्रिटिश मुलाला मात्र तुझ्याकडून ते व्हायचे नाही, असे ऐकविले जाते, असे त्यांचे म्हणणे. एका विनोदकाराची ही ठोकळ विभागणी आहे. तरीही दोन्ही साहेबांकडे पाहिले की तिच्यात तथ्य दिसते. आशा हा ज्या समाजाचा पाया आहे, तेथील प्रेक्षकाला आठवड्यामागून आठवडा केवळ फजिती पाहवत नाही.

मार्क ट्वेन यांची हरकत

ब्रिटिश विनोद सूक्ष्म आणि अमेरिकन विनोद ढोबळ, असे एक मत भारतातील इंग्रजी शिकलेल्या वर्गात बराच काळ रूढ आहे. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजी शिकल्याचा तो परिणाम असावा. मार्क ट्वेन यांना ते मुळीच मान्य झाले नसते. विनोदी गोष्ट कशी सांगावी, या विषयावर त्यांनी १८९५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आपण काही गमतीचे सांगत आहोत याचा संशयही येऊ न देता गंभीर चेहऱ्याने सांगितलेली गोष्ट ही अमेरिकेची कला. सांगणाराच आधी हसतो ती इंग्रजांची रीत, असे त्यांनी बजावले. म्हणजे आज जे वर्णन ब्रिटिशांचे करतात, तेच ट्वेन यांनी आपल्या देशबांधवांचे केले होते! व्याख्याने देत जगाची फेरी करताना १८९६ च्या जानेवारीत ते मुंबईसही येऊन गेले.

तेव्हा 'ब्रिटिश' आणि 'अमेरिकन' या पाट्या काळानुसार आणि पाहणाऱ्यानुसार जागा बदलतात, हे ध्यानी ठेवावे. स्कॉटलंडमधला खाणकामगार आणि लंडनमधला वकील, टेक्सासमधला शेतकरी आणि न्यू यॉर्कमधला ज्यू विनोदकार हे चौघे एकाच रीतीने हसत नाहीत.

रोजच्या शब्दांत मात्र फरक कायम आहे. पुण्यातील किंवा हैदराबादमधील एखाद्या कार्यालयात बसून लंडन आणि शिकागो अशा दोन्ही ठिकाणच्या वरिष्ठांसाठी काम करणारे कर्मचारी आज पुष्कळ आहेत. तयार केलेल्या कामावर 'क्वाइट गुड' असा शेरा आला तर काय समजावे? अमेरिकन वरिष्ठाने लिहिले असेल तर ती शाबासकी आहे. ब्रिटिश वरिष्ठाने लिहिले असेल तर बहुधा 'ठीक आहे, पण मन भरले नाही' असा त्याचा अर्थ. ब्रिटिश माणूस अत्यंत आदरपूर्वक सांगू इच्छितो अशी सुरुवात करतो, तेव्हा पुढे मतभेदच येणार हे निश्चित. 'नॉट बॅड' हा त्याचा शेरा मात्र जपून ठेवावा. ती खरी शाबासकी असू शकते.

स्वाध्याय

१. अतिशयोक्ती आणि न्यूनोक्ती यांतील फरक स्वतःच्या बोलण्यातील एकेक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. इंग्रज पाहुणे भोजनगृहात गप्प का बसले असावेत? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?
३. दाटीवाटीची वस्ती माणसाला अबोल करते की बोलके? पुस्तिकेतील मत आणि तुमचा अनुभव यांची तुलना करा.
४. तुमच्या गावात किंवा कामाच्या ठिकाणी जसा उच्चारला जातो तसा घ्यायचा नसतो, असा एखादा शब्द वा शेरा शोधा. नवख्या माणसाला तो कसा समजावून सांगाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.