बाबा त्या यादीत बसत नाहीत

शिरोडा

चि. बाय हिस,


पुस्तकाच्या पानांचे तू पाठवलेले फोटो पाहिले, आणि त्याखालचं तुझं वाक्यही: ‘आत्या, ही सगळी लक्षणं बाबांना लागू पडतात.’ मानसशास्त्राची पुस्तकं वाचून पोरीच्या डोक्यात भलतंच शिरलं, असं घरात कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. आमच्या वेळी मनाचं काही बिघडलं की आधी देवाला गाऱ्हाणं, मग कौल, आणि कशानेच गुण आला नाही की ‘डोकं फिरलंय’ म्हणून विषय संपायचा. त्यापेक्षा तुझं वाचन शंभर पटींनी बरं. फक्त पुस्तकातली लक्षणं एखाद्या माणसाला लावण्याआधी त्याची हकीकत माहीत करून घे.

तुझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, आणि त्यांची मनीऑर्डर आली की इथली उधारी फिटायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मनीऑर्डर थांबली. आजोबा गावी आले ते ओट्यावर बसून राहिले. बोलायचे नाहीत, कुणी काही विचारलेलं खपायचं नाही. तुझे बाबा तेव्हा नववीत. त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. मग मिठागरात, मग मिळेल तिथे. रडायला घरात कुणाला सवड नव्हती, आणि मुलग्याने तर रडायचंच नव्हतं.

तुझ्या पुस्तकात अशा माणसाला ‘इमोशनली अनअव्हेलेबल’ म्हणतात. असेलही. पण तू येणार म्हटलं की हाच माणूस एसटी यायच्या तासभर आधी नाक्यावर जाऊन उभा राहतो. तू उतरलीस की ‘इलंस गो?’ एवढंच विचारतो आणि बॅग उचलून चालायला लागतो. हे तू कुठल्या रकान्यात घालणार?

तुला लागलेलं खोटं नाही, हेही सांगून ठेवते. तुझ्या दहावीच्या निकालाला बाबा एक शब्द बोलले नाहीत, ते तुला डाचतं, डाचणारच. कारण कळलं म्हणून दुखणं थांबत नाही. दुसऱ्याचं समजून घे आणि आपलं गिळून टाक, असा उपदेश मी करणार नाही. बायकांना तो आजवर पुष्कळ झालाय.

आता पुस्तकांबद्दल. अंजली जोशींचं ‘मी अल्बर्ट एलिस’ मिळव. 1955 च्या सुमाराला एलिस या मानसशास्त्रज्ञाने जी पद्धत मांडली तिचं सार असं की घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते. निकालाच्या दिवसाला हे लावून बघ. बाबा गप्प बसले, ही घटना. ‘म्हणजे मी त्यांना नकोशी’, हे तू जोडलेलं. तेवढं सुटं करता आलं तरी पुष्कळ झालं.

पण एलिस सगळीकडे चालत नाही. पाणवठ्यावर ज्याला लांब उभं केलं, त्याला ‘तुझी समजूत बदल’ म्हणणं हा निर्लज्जपणा झाला. तुझ्या ढिगातली बरीचशी पुस्तकं माणूस जणू आभाळातून एकटाच पडला, अशी लिहिलेली असतात. त्यांत गिरणी नसते की जात नसते. म्हणून सोबत मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलबद्दल वाच. पोलंडचा ज्यू, महायुद्धात घरदार गमावलेला. 1970 च्या सुमाराला ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना त्याने सांगितलं की कुठला चित्रकार आवडतो यावरून तुमचे गट पाडलेत. तेवढ्यावरही पोरं आपल्या गटाला झुकतं माप द्यायला लागली. आपल्याकडे तर नाव विचारायच्या आधी वाडी विचारतात!

त्याच्या जोडीला ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ हे आत्मकथन घे. रत्नागिरीकडच्या त्या मुलीने आईने विणलेल्या टोपल्या घरोघर पोचवायच्या. त्या घरांतल्या बायका टोपलीवर पाणी शिंपडून मगच ती हातात घ्यायच्या आणि पैसे वरून टाकायच्या. वाचताना आपलं घर यात कुठल्या बाजूला उभं होतं, तेही स्वतःला विचार. शेजारच्या आरवलीच्या जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ नाटक मी खटखटे ग्रंथालयातून काढून ठेवते. घराण्यातल्या वेडाच्या भीतीने पोखरलेला माणूस आहे त्यात. दळवी त्याच्या आजाराला नाव देत बसत नाहीत, तरी माणूस पुरता कळतो.

असली पुस्तकं रात्री जागून वाचू नकोस. मध्यरात्रीनंतर प्रत्येक आजार आपल्यालाच झालेला वाटतो. आणि पुस्तक ऐकून घेत नाही, ते फक्त बोलतं; ऐकायला माणूसच लागतो. पलीकडे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवून तयार केलं, आणि त्यांच्याशी बोलून नैराश्याचे रुग्ण सुधारतात हे दाखवून दिलं. तेव्हा दोन-दोन आठवडे झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटलं, तर पुस्तक मिटून 14416 ला फोन लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मलाही कधीही उठव.

मे महिन्यात येशील तेव्हा लक्षणांची ती यादी पुण्यातच ठेवून ये. बाबांना 1982 सालाबद्दल विचार. पहिल्यांदा उडवून लावतील, पुन्हा विचार.

तुझी,
आत्या