गृहसजावटीचा सर्जनशील उद्योग : कल्पनेचे मोल आणि कायद्याचे संरक्षण

बिहारमधील मिथिला भागात स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंती चित्रांनी सजवीत आल्या. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाने चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठविले आणि भिंतीवरील चित्रे विक्रीसाठी कागदावर काढण्यास प्रोत्साहन देण्यात आले. घराची शोभा वाढविणारी कला कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन बनली. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. घरगुती कौशल्याचे उद्योगात रूपांतर होताना कोणते प्रश्न उद्भवतात, हे समजण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

उद्योगाचे स्वरूप

गृहसजावटीच्या घरगुती उद्योगाला साधारणपणे तीन मार्गांनी उत्पन्न मिळते : तयार वस्तूंची विक्री, ग्राहकाच्या घरासाठी सजावटीचा आराखडा देण्याची सेवा आणि कलेचे प्रशिक्षण. यात भांडवल अल्प लागते; मुख्य गुंतवणूक कल्पकतेची असते. मात्र कल्पकता लोकांसमोर मांडल्याशिवाय ग्राहक मिळत नाही आणि मांडताच तिचे अनुकरण सुरू होते. या उद्योगातील मूलभूत पेच हाच आहे.

दोन कायदे, दोन मर्यादा

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्रासारख्या मूळ कलाकृतीला निर्मितीबरोबरच संरक्षण मिळते. त्यासाठी नोंदणी अनिवार्य नाही. हे संरक्षण कलावंताच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. वस्तूचा आकार, नक्षी किंवा रंगरचना यांचे डोळ्यांना जाणवणारे वेगळेपण मात्र डिझाइन अधिनियम, २००० च्या कक्षेत येते. तेथे नोंदणी आवश्यक असून संरक्षण १० वर्षांचे असते व ते आणखी ५ वर्षे वाढविता येते.

या दोहोंच्या सीमेवर कॉपीराइट अधिनियमाचे कलम १५ आहे. नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा तयार झाल्यास त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपुष्टात येतो. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस इक्विपमेंट विरुद्ध आयनॉक्स इंडिया या प्रकरणात शुद्ध कलाकृती आणि औद्योगिक डिझाइन यांतील भेद ठरविण्याची कसोटी स्पष्ट केली.

क्रमाचे महत्त्व

समजा, त्रिपुरातील एखाद्या कारागीर स्त्रीने बांबूच्या दिव्याला सर्वस्वी नवा आकार दिला. तिने त्याची छायाचित्रे आधी प्रसिद्ध केली आणि मागणी वाढल्यावर नोंदणीसाठी अर्ज केला, तर तो नाकारला जाऊ शकतो. कारण कलम ४ नुसार अर्जापूर्वी भारतात किंवा अन्य देशांत प्रकट झालेले डिझाइन नोंदणीस पात्र ठरत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांबाबत पूर्वसूचना व सहा महिन्यांत अर्ज या अटींवर सवलत आहे. म्हणून आधी अर्ज, मग प्रसिद्धी हा क्रम पाळणे हिताचे ठरते.

पारंपरिक कलेचा प्रश्न याहून निराळा आहे. मधुबनी व वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हा हक्क समूहाचा असतो. नोंदणी १० वर्षांची असते व तिचे नूतनीकरण होते. प्रत्यक्ष उत्पादकाला मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते.

उद्यम नोंदणी व देयके

१ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी स्वयंघोषणेवर आधारित निःशुल्क उद्यम नोंदणी उपलब्ध आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक करारात अधिक मुदत असली तरी ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मोठ्या दुकानांना उधारीवर माल देणाऱ्या घरगुती उद्योजकासाठी ही तरतूद मोलाची आहे.

समारोप

घरातील स्त्रियांच्या कौशल्याला बहुधा फावल्या वेळेतील छंद मानले जाते. त्यामुळे त्यांच्या श्रमाचे मोल होते, कल्पनेचे होत नाही. कर्जयोजना व प्रशिक्षण यांच्या जोडीला बौद्धिक संपदेविषयी साक्षरता पोहोचली, तरच कल्पनेचा लाभ तिच्या निर्मात्याच्या पदरी पडेल.

सरावासाठी प्रश्न : कॉपीराइट, डिझाइन व भौगोलिक मानांकन यांतील भेद स्पष्ट करून घरगुती उद्योगांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व विशद करा.