नजर फुलांवर, पाय गवतात

कोरियातलं पहिलं सत्र मार्चच्या सुरुवातीला सुरू होतं आणि त्याच सुमारास दक्षिणेकडून फुलांची वर्दी येऊ लागते. आधी सोमजिन नदीकाठी ग्वांगयांगला पांढरी मेह्वा, मग गुर्येच्या उतारांवर पिवळी सान्सुयू. त्यामागून शहरातल्या प्रत्येक कुंपणावर केनारी पिवळीधमक होते. मार्च सरता सरता चेरी येते आणि ती झडू लागली की डोंगरमाथ्यांवर गुलाबी-जांभळी चिंदाल्ले. चेरीचा भर जेमतेम आठवडाभराचा. मध्येच एक जोराची सर आली की झाडं रिकामी आणि रस्त्यावर पाकळ्यांचा सडा. त्यामुळे लोक अक्षरशः धावत फुलं बघायला निघतात. नौदलाचं ठाणं असलेल्या जिन्हे गावात १९५२ साली सेनानी यी सुन-शिन यांचा पुतळा उभारला गेला. त्यांच्या स्मरणसोहळ्यातून पुढे मोठा चेरी-उत्सव वाढला. त्या दिवसांत तिथल्या य्योज्वा ओढ्यावरच्या लाकडी पुलांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

मी शिकायला देगूला होते. तिथून ग्योंगजू तासाभराच्या अंतरावर आहे. शिल्ला राजांच्या हिरव्या थडग्यांच्या टेकड्या आणि त्यांना लागून असलेल्या दगडी भिंतीवर ओथंबलेली चेरी मी जन्मात विसरणार नाही. हे सगळं बघावंच. अभ्यासाचं कारण सांगून खोलीत बसून राहणाऱ्यांना मी नेहमी हाताला धरून बाहेर काढलं आहे. पण फुलं बघताना मान वर असते आणि त्या देशात वसंतातली खरी काळजी खाली, गवतात घ्यावी लागते. ही गोष्ट तिथे गेलेल्या आपल्या मुलामुलींना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

देगूच्या दक्षिणेला बिसलसान नावाचा डोंगर आहे, हजार मीटरहून थोडा उंच. देग्योन्सा मंदिराजवळच्या पठारावर एप्रिलच्या मध्यानंतर चिंदाल्ले फुलते आणि अख्खं पठार गुलाबी होतं. सत्राच्या मधल्या परीक्षाही नेमक्या तेव्हाच असतात. परीक्षेच्या आधीच्या शनिवारी आम्ही काही जणी तिथे गेलो. वसतिगृहातली माझी सोलापूरची मैत्रीण गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालून आली होती. ऊन छान पडलं होतं. फोटोसाठी ती झुडपांच्या कडेच्या वाळक्या गवतात बसली, मग तिथेच आडवी झाली. आम्ही डबे उघडले, गप्पा मारल्या आणि संध्याकाळी उतरलो.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तिला गुडघ्याच्या मागे काहीतरी टोचलं. तीळ असेल म्हणून तिने खाजवून पाहिलं, तर तो निघेना. मला दाखवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्वचेत तोंड रुतवून बसलेला करडा-तपकिरी गोचीड होता. नीट पाहिलं तर बारीक पाय हलताना दिसत होते.

मी दोडामार्गची. आमच्या सिंधुदुर्गात २०१६पासून माकडतापाने माणसं गेलेली आहेत आणि तोही गोचिडाचाच आजार. काजूच्या हंगामात बागेत जाताना अंगभर कपडे घालायचे, घरी आल्यावर आधी अंग तपासायचं आणि मगच ओटीवर बसायचं, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. त्यामुळे ती नखाने तो उपटायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. उपटलं की धड हातात येतं आणि तोंड कातडीत राहतं, शिवाय दाबलं गेलं तर त्याच्या पोटातलं जखमेत उतरतं. आम्ही तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बारीक चिमट्याने कातडीलगत धरून तो सरळ वर ओढून काढला, जखम धुतली आणि पुढचे दोन आठवडे रोज ताप मोजायला सांगितलं.

कोरियात या गोचिडांमुळे एसएफटीएस नावाचा विषाणूजन्य आजार होतो. २०१३पासून तिथे त्याची नोंद ठेवली जाते. हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर. चावल्यापासून पाच ते चौदा दिवसांत जोराचा ताप येतो, मळमळ आणि जुलाब होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात. त्यावर लस नाही, हमखास लागू पडणारं औषधही नाही. शरीर झुंजत असताना त्याला आधार देत राहायचं, एवढाच उपचार. नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळपास पाचातला एक दगावला आहे. त्यात वयस्क जास्त असले तरी तरुणांनी निर्धास्त राहावं असं काही नाही. अर्थात प्रत्येक गोचिडात विषाणू नसतो, बहुतेकांत नसतोच. पण कुठल्यात आहे हे बघून कळत नाही.

आठवडा उलटला आणि परीक्षा चालू असताना तिला ताप भरला. जागरणामुळे झालं असेल, औषधाच्या दुकानातून गोळी आणते, असं ती म्हणत होती आणि तिला तसं वाटणं अगदी साहजिक होतं, कारण त्या दिवसांत निम्मं वसतिगृह सर्दी-तापाने पडलेलं असतं. पण आमच्याकडे गोचीड काढल्याची तारीख होती. मोठ्या रुग्णालयात आम्ही डोंगराचं नाव, चावल्याची जागा आणि तारीख सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच रक्त घेतलं. प्लेटलेट्स उतरल्या होत्या. तिला दाखल करून घेतलं आणि पुढे तपासणीत एसएफटीएसच निघाला. हा आजार रुग्णाच्या रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतूनही पसरू शकतो, म्हणून तिची उलटी आवरायला गेलेल्या मला नर्सबाईंनी आधी हातमोजे दिले. सोबत राहणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. मायेपोटी माणूस उघड्या हातांनी सगळं करायला जातो.

ती बरी झाली. राहिलेली परीक्षा वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवून नंतर देता आली.

आता जायचं कसं ते सांगते. डोंगरावर किंवा नदीकाठच्या गवतात जाणार असाल तर लांब, फिक्या रंगाची पँट घाला, म्हणजे अंगावर चढणारं काही असलं तर दिसतं. पँटची टोकं मोज्यांत खोचा. फोटोत बरं दिसत नाही, हे मला मान्य आहे. गोचीड उडी मारत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून तो वाट पाहत असतो आणि तुम्ही घासून गेलात की चिकटतो. म्हणून पायवाटेच्या मधून चाला. बसायला चटई हवीच. दायसोच्या दुकानात स्वस्तात मिळते, तिथली माणसं तिच्याशिवाय कुठे बसत नाहीत. काढलेलं जॅकेट गवतावर टाकू नका. बऱ्याच डोंगरांच्या पायथ्याशी कीटकरोधक फवारणीची यंत्रं असतात, बटण दाबून बुटांवर आणि पँटवर फवारून घ्यावं. परतल्यावर कपडे थेट धुवायला टाका आणि आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, बेंबीत आणि केसांच्या मुळाशी हात फिरवा. पाठ मैत्रिणीकडून बघून घ्यावी, त्यात लाजायचं काय?

चिंदाल्लेबद्दल आणखी एक. तिच्या पाकळ्या कोरियन लोक खातात, तांदळाच्या पिठाच्या छोट्या घावनांवर लावून तव्यावर भाजतात. हे ऐकलं की आपल्या मुलांचे हात फुलांकडे वळतात. पण तिच्यासारखंच दिसणारं छल्चुक विषारी आहे. चिंदाल्ले पानं फुटण्याआधी उघड्या फांदीवर फुलते. छल्चुकची फुलं पानांबरोबर किंवा पानांनंतर येतात, पाकळीवर गडद ठिपके असतात आणि फुलाचा देठाकडचा भाग बोटाला चिकटतो. ही ओळख बघण्यापुरती ठेवा, डोंगरावर कुठलंच फूल तोंडात घालू नका.

डोंगरावर स्टोव्ह, लायटर नेऊ नये. त्या देशात वसंत म्हणजे कोरडा वारा. २०२५च्या मार्चमध्ये उईसंगला पेटलेला वणवा वाऱ्यावर थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला, माणसं गेली, गोउन्सासारखा प्राचीन बौद्ध मठ त्यात जळाला. वणव्यांच्या या काळात काही वाटा मे महिन्याच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, त्या बंदच समजाव्यात. दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी एअरकोरिया या हवेच्या संकेतस्थळावर धुळीचा आकडा बघा. पीएम २.५ हा ३५च्या वर गेला की तिथे हवा ‘वाईट’ धरतात. गोबीकडून पिवळी धूळ आलेल्या दिवशी मी तरी केएफ९४ मास्क लावूनच बाहेर पडत असे.

आणि विम्याचं अजिबात हलक्यात घेऊ नका. मार्च २०२१पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे. दर महिन्याचा हप्ता खिशाला जड वाटतो, काही मुलं तो थकवतात आणि मग व्हिसा वाढवतानाही अडकतात. मैत्रिणीने हप्ते वेळेवर भरले होते, म्हणून रुग्णालयाचं बिल तिच्या घरच्यांना कर्ज न काढता झेपलं. मार्चमध्ये नव्याने आलेल्यांची परकीय नोंदणी बऱ्याचदा एप्रिलपर्यंत झालेली नसते आणि विमाही सुरू झालेला नसतो, त्यांनी प्रवासी विम्याचे कागद हाताशी ठेवावेत.

फुलं बघून आल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला तर संसर्गजन्य आजारांसाठीच्या १३३९ या क्रमांकावर विचारा, तब्येत बिघडत असेल तर सरळ ११९ लावा. भाषा येत नसेल तर गोचिडाचा आणि चावल्याच्या जागेचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टरांनी काय होतंय असं विचारलं की ताप-खोकल्याच्या आधी डोंगराचं सांगा: कुठे गेला होता, कोणत्या तारखेला, आणि गवतात बसला होता का.