देवाचा दरबार

सन १९१७ मध्ये सातारा शहरात एक वृद्धत्वाकडे झुकलेले कवी राहावयास आले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावाला साधुसंत नवे नव्हते. रामदासांचा सज्जनगड तेथून जवळच आहे. परंतु हे गृहस्थ ख्रिस्ती होते. त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला होता आणि पंचावन्नाव्या वर्षी संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले होते. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृत व मराठी काव्याचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले. पुढे राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. त्या वाचनातून सुरू झालेला विचार थांबला नाही. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांनाही हा आघात सोसवला नाही. काही वर्षे त्या पतीपासून वेगळ्या राहिल्या. त्या काळी धर्म बदलणे म्हणजे पंगत, सोयरीक आणि गाव यांना एकाच दिवशी मुकणे होते.

नव्या घरीही टिळकांच्या मनास एक गोष्ट सलत असे. मराठी ख्रिस्ती मंडळी देवळात जी गीते गात, त्यांतील पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि त्यांच्या चालीही विलायती होत्या. तुम्ही एखाद्या परक्या चालीवर मराठी शब्द बसवून पाहा. दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्व अक्षर उगाच लांबते, आणि शब्दाचा जीवच जातो. शिवाय अशी प्रार्थना ऐकणाऱ्या शेजाऱ्यास वाटे, हा धर्म परक्यांचा, आपला नव्हे. आपली माणसे ज्या शब्दांत रडतात-हसतात, त्याच शब्दांत देवाला हाक मारता आली पाहिजे, अशी टिळकांची धारणा होती. तुकोबांचे अभंग त्यांच्या जिव्हाळ्याचे होते; तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत.

म्हणून त्यांनी अभंग रचले, पदे रचली, भजने रचली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची अनेक पदे आहेत. ते कीर्तनेही करीत. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्या काळच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, कृष्णराव सांगळे यांनी आधीच घालून दिली होती. पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, हा कीर्तनाचा साचा तोच. आख्यान मात्र येशूच्या चरित्रातले.

हा विचार टिळकांच्याही आधी एका परदेशी माणसाला सुचला होता, हे नवल होय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तेथील नव्या ख्रिस्ती लोकांना आपली जुनी पुराणे वाचता येईनात आणि मन कशात रमवावे हे कळेना. त्यांच्यासाठी स्टीफन्सने मराठी शिकून ओवी छंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिले. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. विलायतेचा मनुष्य मराठीच्या गोडव्याचे गुणगान करतो, आणि घरची माणसे विलायती चालीवर गातात! टिळकांची तळमळ यावरून समजते.

वाद्यांची गोष्ट तर याहून गमतीची आहे. सातारा-सांगली भागात भजनास पेटी हवीच, असे आपण समजतो. परंतु पेटी, म्हणजे हार्मोनियम, मुळात युरोपची. १८४० साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले गेले. तिने आपल्या देवळांत घर केले, मग ख्रिस्ती पदाला टाळ-मृदंगाने साथ का देऊ नये? सांगली जिल्ह्यातील मिरजेत तंबोरे तयार होतात. भोपळ्यावर ताणलेली ती तार कोणत्या देवाचे नाव गायिले जाते, हे विचारीत नाही.

साताऱ्यात टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे यावयास मोकळीक होती. ही कल्पना पुष्कळांना रुचली नाही. ती रुजण्यास वेळ हवा होता आणि तोच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईस निधन झाले.

त्यांचे एक मोठे काम अर्धवट राहिले होते. ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. पण दहा-अकरा अध्यायांपुढे ते गेले नाही. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचा उंबरठाही न ओलांडलेली ही स्त्री पतीजवळ अक्षरे गिरवून वाचावयास शिकली होती. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीचे भूषण आहे. ओवी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानात असते. तीन चरण यमकाने जुळलेले आणि चौथा आखूड, मोकळा सोडलेला. या छंदात त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. ते छापून आले तेव्हा ते आरंभिणारा कवी आणि ते पुढे नेणारी त्याची पत्नी, दोघेही हयात नव्हती.