मूठभर युरिया

रत्नागिरीजवळ माझ्या चाचांची रोपवाटिका आहे. तेथे आंबा, काजू, फणस यांची कलमे व रोपे काळ्या पिशव्यांत वाढवतात. ही झाडे सदाहरित आहेत. वर्षभर त्यांच्यावर पाने असतात. पावसाळ्यात बांधलेली हापूसची कलमे पुढच्या पावसाळ्यात विकायला तयार होतात. त्या विक्रीवरच चाचांचे घर चालते.

एकदा नाताळच्या सुट्टीत मी तेथे गेलो. एका रांगेतील कलमांची खालची पाने पिवळी पडली होती. चाचा बाजारात गेले होते. त्यांना मदत करावी, म्हणून मी मांगरातला युरिया आणला आणि वीस पिशव्यांत मूठ मूठ टाकला. वर थोडे पाणी घातले. आता कलमे हिरवीगार होतील, असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. शेंडे माना टाकू लागले. मी घाबरत घाबरत चाचांना सारे सांगितले. चाचा रागावले नाहीत. त्यांनी आधी प्रत्येक पिशवीत भरपूर पाणी ओतले. पिशवीच्या छिद्रांतून जादा खत वाहून जाऊ लागले. मग ते म्हणाले, "बेटा, रोग तू बरोबर ओळखलास; पण औषधाचे माप चुकले."

"म्हणजे कलमांना नत्र कमी पडत होते?" मी विचारले.

"होय. नत्राशिवाय पानांतले हरितद्रव्य तयार होत नाही. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात."

"पण हवेत तर ७८ टक्के नत्र असते. मग खत कशाला?"

"हवेतले नत्र आंब्याला थेट घेता येत नाही. मातीतल्या पाण्यात विरघळलेले नत्रच मुळे शोषून घेतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून तो जपून वापरावा लागतो."

"मग शेतात युरिया टाकतात, तेव्हा पिके का करपत नाहीत?"

"शेतात खत पसरते आणि मुळांनाही दूर जाता येते. पिशवीत माती थोडी. तेथे खत जास्त झाले, की मुळांना पाणी घेता येत नाही; उलट मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. माती ओली असूनही झाड तहानेने मरते. आणि रोजच्या पाण्याबरोबर खत वाहूनही जाते. म्हणून पिशवीतल्या झाडाला खत थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा द्यावे."

चाचांनी तराजू आणला. दहा ग्रॅम युरिया मोजून दहा लिटरच्या झारीत विरघळवला आणि ते पाणी दुसऱ्या रांगेतल्या कलमांना घातले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढेच द्यायचे, असे त्यांनी मला सांगितले.

त्या वीस कलमांपैकी आठ वाचली नाहीत. जूनमध्ये चाचांनी वाचलेल्यांपैकी एक कलम माझ्या हाती दिले. "हे तुझ्या अंगणात लाव," ते म्हणाले. आज ते माझ्या खांद्याएवढे झाले आहे. त्याला खत घालताना मी आधी तराजू शोधतो.

शब्दार्थ
रोपवाटिका – रोपे तयार करण्याची जागा
मांगर – बागेतील सामान ठेवण्याची झोपडी
नत्र – नायट्रोजन
हरितद्रव्य – पानांतील हिरवा पदार्थ
माना टाकणे – कोमेजणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) युरियात किती टक्के नत्र असते?
(आ) चाचांनी करपलेल्या कलमांना आधी काय दिले?
२. कारणे लिहा.
(अ) नत्र कमी पडल्यास खालची पाने आधी पिवळी पडतात.
(आ) पिशवीतल्या झाडाला खत थोडे थोडे द्यावे लागते.